पारदर्शक एलसीडीच्या आतल्या लाइन्स चमकतात तेव्हा: एका पैठणीच्या पेटीचं प्रकरण

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरातल्या एका पैठणीच्या दुकानातलं आहे, नावाची गरज नाही. दुकानदार काकांना काचेची पेटी हवी होती पण साधी नाही, समोर आणि मागे दोन्हीकडे ३२ इंची पारदर्शक एलसीडी उभ्या लावलेल्या, मधे पदर आणि काठ दिसेल अशी घडी घातलेली पैठणी, आणि दोन्ही पॅनलवर बांगडी मोर, असावली, नारळी काठ यांचे छोटे व्हिडिओ फिरत राहणार. दोन्हीकडून का, तर हातमागाची खरी पैठणी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते, उलट सुलट पटकन ओळखू येत नाही, आणि काकांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाला हेच दाखवायचंय, ते तोंडानं सांगण्यापेक्षा पेटीला एक चक्कर मारून त्यानं स्वतः बघावं. कल्पना चांगलीच होती, मला तर आवडली.

पेटी दुसऱ्याच एका पार्टीनं बनवून दिली होती, खोली साधारण दोन फूट, आतून चारही कोपऱ्यांत एलईडी पट्ट्या. चालू केल्यावर काकांचा फोन, "साहेब, साडी तर दिसायलीय, पण तिच्या बाजूनं ही राखाडी जाळी कशाची यायलीय? जरीपेक्षा जाळीच जास्त चमकायलीय!" जाऊन बघितलं तर अगदी खरं. समोरच्या पॅनलमधून आत बघितलं की साडीच्या दोन्ही अंगांना पलीकडच्या पॅनलची आतली बाजू दिसते, आणि तिच्यावर चांदीचा हात फिरवल्यासारखी एक फिकट झळाळी, त्यात एलईडी पट्टीचं प्रतिबिंब, आणि त्या प्रतिबिंबाच्या आजूबाजूला आडव्या उभ्या रंगीत रेघा. डोकं थोडं हलवलं की पूर्ण जाळीभर लाटा सरकायच्या. काळ्या पार्श्वभूमीवर जरी उठून दिसायला पाहिजे तर इथं मागचंच उजळ, मग जरी बिचारी काय करणार.

पेटीवाल्यांचा तोपर्यंत एक उपाय करून झाला होता, दोन्ही पॅनलच्या आतल्या अंगाला अँटी रिफ्लेक्शन फिल्म चिकटवलेली होती. काका वैतागलेले, फिल्मचे पैसे गेले आणि फरक असा की पट्टीचं प्रतिबिंब थोडं मंद झालं, जाळी जिथल्या तिथं. आता ही फिल्म खोटी होती असं नाही, ती तिचं काम करत होती, फक्त रोग दुसऱ्याच थरात होता. माझ्या मते पारदर्शक डिस्प्लेच्या बहुतेक तक्रारींत इथंच घोळ होतो, चमक दिसली की सगळे काचेलाच धरतात.

पॅनल आतून कसं असतं ते थोडं सांगावं लागेल. दोन काचा, मधे लिक्विड क्रिस्टल, बाहेरून दोन्हीकडे पोलरायझर, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेत बांधणारी फिल्म, त्या दिशेला तिचा अक्ष म्हणतात. बघणाऱ्याच्या बाजूच्या काचेवर रंगांचे फिल्टर आणि त्यांच्या मधे काळी जाळी, तिला ब्लॅक मॅट्रिक्स म्हणतात. मागच्या काचेवर टीएफटी, म्हणजे प्रत्येक सबपिक्सेलचा (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्याचा) छोटा ट्रान्झिस्टर आणि त्यांना सिग्नल नेणाऱ्या धातूच्या बारीक लाइन्स, एका दिशेनं गेट लाइन्स आणि त्यांना काटकोनात डेटा लाइन्स. धातू म्हणजे ॲल्युमिनियम किंवा तांबं, जोडीला मॉलिब्डेनम नाहीतर टायटॅनियम. समोरून बघितलं तर या लाइन्स ब्लॅक मॅट्रिक्सच्या आड असतात म्हणून आपल्याला घरच्या टीव्हीत कधी दिसत नाहीत. मागून मात्र, म्हणजे या पेटीत आतल्या अंगानं, त्यांच्यावर झाकण नाही, गेट लाइन तर थेट काचेवरच बसवलेली असते, मागून टॉर्च मारला की धातूचा तळ सरळ डोळ्यात चमकतो.

मग कंपन्यांनी मागची बाजू काळी का नाही केली? कारण टीव्हीत ती चमक कामाची असते. मागे बॅकलाइट असतो, लाइनवर आपटलेला प्रकाश परत बॅकलाइटच्या पांढऱ्या पत्र्यावर जातो आणि तिथून पुन्हा पुढे येतो, काळी लाइन असती तर तेवढा प्रकाश गिळला गेला असता. म्हणजे टीव्हीच्या हिशोबानं चमकदार तळ हा गुणच. आणि बाजारातल्या कित्येक पारदर्शक पेट्यांमधलं पॅनल मुळात बॅकलाइट काढलेलं साधं पॅनलच असतं. सॅमसंगनं २०११ मध्ये २२ इंची पारदर्शक एलसीडीचं उत्पादन सुरू केलं तेव्हा रंगीत पॅनलमधून १५ टक्क्यांच्या वर प्रकाश आरपार जातो हे मोठं कौतुकानं सांगितलं होतं, यावरून कल्पना येईल की बाकीचा सगळा प्रकाश पोलरायझर, रंगांचे फिल्टर आणि लाइन्स यांच्यातच संपतो. एवढ्या तुटपुंज्या प्रकाशात परतून आलेली थोडीशी चमकसुद्धा फार मोठी वाटते.

हिशोब मी काकांच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवला. उघड्या काचेच्या किंवा पोलरायझरच्या पृष्ठभागावरून समोरासमोर पडलेला प्रकाश साधारण ४ टक्के परत येतो. चांगली अँटी रिफ्लेक्शन फिल्म हे १ टक्क्याच्या खाली आणते. आता लाइन्सचं बघा, एलईडीचा १०० भाग प्रकाश पोलरायझरमधून जाताना साधारण ४२ उरतो, ॲल्युमिनियम त्यातला ९० टक्के परत फेकतं म्हणजे झाले ३८, बाहेर पडताना पुन्हा तोच पोलरायझर पण आता प्रकाश त्याच्याच अक्षावर असल्यामुळे फार अडत नाही, ८५ टक्के सुटतो, म्हणजे ३२ भाग बाहेर. धातूनं पॅनलची १० टक्के जागा व्यापली असं धरलं तर पूर्ण पॅनलचा हिशोब ३ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे काचेइतकीच चमक लाइन्सची, आणि फिल्मनं फक्त काचेची चमक मारली. तळाला मॉलिब्डेनम असेल तर आकडा कमी येतो, कारण ते ॲल्युमिनियमपेक्षा बरंच कमी चमकतं, पण शून्य काही होत नाही.

त्या रंगीत रेघा आणि लाटा पण याच लाइन्सच्या. ३२ इंची फुल एचडी पॅनलमध्ये एक पिक्सेल साधारण ०.३६ मिलिमीटरचा आणि सबपिक्सेल ०.१२ चा, इतक्या बारीक आणि इतक्या नेमक्या अंतरावरच्या धातूच्या रेघा म्हणजे प्रकाशाला ग्रेटिंगच झालं, प्रकाश फाकवून रंग वेगळे करणारी बारीक जाळी, म्हणून प्रतिबिंबाच्या आडव्या उभ्या दोन्ही दिशांना प्रकाश फाकतो. नुसत्या काचेवरून आलेलं प्रतिबिंब कधी असं अधिक चिन्हासारखं फाकत नाही, तेव्हा ही पहिली खूण. लाटा म्हणजे मॉइरे, एका जाळीतून दुसरी जाळी बघितली की होतंच ते.

पक्की खूण मात्र पोलराइज्ड गॉगलनं मिळते आणि त्याला काही खर्च नाही, मोटारसायकलवाल्यांकडे असतो तो चालतो. पेटीचं बाजूचं दार उघडून, आतलं जे अंग चमकतंय त्याच्याकडे जवळजवळ सरळ बघायचं, टॉर्च मारायचा आणि गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवायची. लाइन्सवरून आलेला प्रकाश पोलरायझरमधून बाहेर पडलेला असल्यामुळे एका दिशेत बांधलेला असतो, म्हणून एका कोनाला तो पूर्ण गायब होतो. काचेवरून आलेला तसा बांधलेला नसतो, तो गॉगलनं निम्मा होतो पण कुठल्याच कोनाला जात नाही. तिरकं उभं राहून हा प्रयोग करू नका, साधारण ५६ अंशांच्या आसपास काचेचं प्रतिबिंबसुद्धा पोलराइज्ड होतं आणि मग दोन्ही सारखेच वागतात. आमच्याकडे आधी तेही सरळ कळेना, गॉगल फिरवला की निळे जांभळे पट्टे उमटायचे. कारण ती चिकटवलेली फिल्म पीईटीची, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या जातीच्या प्लास्टिकची होती, आणि पीईटी पोलराइज्ड प्रकाशाची पार वाट लावतं, त्याच्या आतल्या ताणामुळे प्रत्येक रंग वेगळाच वळतो. कोपऱ्यातली फिल्म उचकटून तेवढ्याच जागी बघितलं तेव्हा जाळी एका कोनाला स्वच्छ काळी झाली, टॉर्चचा ठिपका मात्र तिथंच. म्हणजे दोष लाइन्सचाच, शंकाच नाही.

याच्यावर खरा उपाय कारखान्यात आहे. तिथं लाइनच्या तळाला, म्हणजे काच आणि धातूच्या मधे, मॉलिब्डेनमच्या किंवा तांब्याच्या ऑक्साइडचा एक गडद पातळ थर देतात. हा थर काळ्या रंगासारखा नुसता प्रकाश शोषतो असं नाही, काही प्रकाश थराच्या वरच्या सीमेवरून परततो, काही खालच्या धातूवरून, आणि जाडी अशी धरतात की प्रकाशाच्या या दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. ढोबळ हिशोब म्हणजे थरातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा, हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर आणि थराचा अपवर्तनांक २.२ धरला तर ५५० भागिले ४ भागिले २.२, आले साधारण ६२ नॅनोमीटर, प्रत्यक्षात धातूवर परतताना जो फेज बदलतो त्यामुळे थर याच्यापेक्षा थोडा पातळ निघतो. ऐकायला सोपं, पण करताना भानगडी फार. धातू आणि ऑक्साइड एकाच ॲसिडात एकाच वेगानं कोरले गेले पाहिजेत, ऑक्साइड मागे राहिलं तर लाइनला शेपटी राहते, जास्त कोरलं गेलं तर खालून पोकळी होऊन वरचा थर तडकतो. त्यानंतर सिलिकॉन नायट्राइडचा थर ३०० अंशांच्या आसपास प्लाझ्मात चढवतात, त्यात हायड्रोजन भरपूर असतो, आणि हायड्रोजन तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो, की झाली लाइन पुन्हा चकचकीत. काळं रेझिन खाली घालावं म्हटलं तर ते एवढी उष्णता सोसत नाही. हे सगळं जमवलेली कमी चमकणारी पॅनल्स बनवता येतात, पण आपल्याला हव्या होत्या दोन, आणि दोन पॅनलसाठी कोणी मास्क (लाइन्सची नक्षी छापायचे साचे) आणि थर बदलून देत नाही. पुढच्या वेळी मोठी ऑर्डर असेल तर विचारायची गोष्ट ही, आरपार किती टक्के हे सगळेच विचारतात, मागच्या बाजूचं रिफ्लेक्शन किती हे कोणी विचारत नाही.

बाकीचे पर्याय लवकर निकाली निघाले. मॅट फिल्म लावली तर चमक पसरते पण साडी धुरकट दिसते, मग पारदर्शक पॅनल घेतलं कशाला. पॅनल उलटं बसवून ब्लॅक मॅट्रिक्स आत घ्यावा असं पेटीवाले म्हणत होते, त्यानं आतली जाळी खरंच गेली असती, पण मग उघड्या लाइन्स गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर, आणि दुकानाचं दार पश्चिमेला, संध्याकाळी उन्हाची तिरीप थेट पेटीवर येते. मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन आणि उघडी ॲल्युमिनियमची जाळी, नको रे बाबा. ओएलईडीत वापरतात तसा क्वार्टर वेव्ह फिल्मचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे प्रकाशाला गोल वळण देणारा, पण सुचवला गेला, तो चमक छान मारतो, पण लिक्विड क्रिस्टलच्या एकाच बाजूला तो टाकला की आयपीएस जातीच्या पॅनलचा काळा रंग बिघडतो, दुसऱ्या बाजूला भरपाईचा थर आतच लागतो, तो बाहेरून चिकटवून भागत नाही.

मग जे केलं ते असं. लाइनवरून येणारी चमक पोलरायझरच्या अक्षावर बांधलेली आहे हे गॉगलनं दाखवलंच होतं. ही चमक बघणाऱ्यापर्यंत पोचायला तिला समोरच्या पॅनलच्या आतल्या पोलरायझरमधूनच जावं लागतं. म्हणजे गॉगलचं काम करणारा पोलरायझर पेटीत आधीच बसलेला आहे, फक्त दोघांचे अक्ष समांतर असल्यामुळे तो चमक अडवत नाही. दोन्ही पॅनल एकाच मॉडेलची, अक्ष सरळ उभे आडवे, समोरासमोर उलटवली तरी समांतरच राहतात. पॅनल ९० अंशांत फिरवायचं तर एक उभं एक आडवं होईल, ते काकांना चालणार नाही. म्हणून एकाच पॅनलच्या आतल्या अंगाला हाफ वेव्ह फिल्म लावायची, ४५ अंशांत. ती पोलराइज्ड प्रकाशाचा अक्ष ९० अंशांनी वळवते, म्हणजे लाइनवरून निघालेली चमक समोर पोचते तेव्हा आडवी झालेली असते आणि समोरचा पोलरायझर ती गिळून टाकतो. साडीवरून येणारा प्रकाश मात्र बांधलेला नसतो, धागा त्याला सगळ्या दिशांनी विखुरतो, त्याला या फिल्मनं काडीचा फरक पडत नाही.

फिल्म मागवायच्या आधी खात्री म्हणून सेलोफेनचा तुकडा वापरला. खरा सेलोफेन पाहिजे, लाकडाच्या लगद्यापासूनचा, हल्ली त्या नावानं प्लास्टिकच खपवतात. खरा असेल तर एक पदर जवळजवळ हाफ वेव्ह फिल्मसारखाच वागतो. पलीकडच्या पॅनलवर, पीईटी काढलेल्या जागी, तळहाताएवढा तुकडा तिरका चिकटवला आणि समोरच्या पॅनलवर पूर्ण पांढरी स्क्रीन ठेवून बघितलं. तेवढ्या चौकोनात जाळी गायब, लाटा गायब, थोडी जांभळट छटा असलेला अंधार. काका म्हणाले, "आं! चॉकलेटच्या कागदानं व्हायलं व्हय हे? मग तेवढ्या पैशाची फिल्म कशाला आणायली?" त्यांना सांगावं लागलं की सेलोफेन दमट हवेत फुगतो, उन्हाळ्यात सुरकुततो, पावसाळ्यापर्यंत टिकायचा नाही.

बसवताना एक गमतीशीर भांडण झालं. फिटिंगवाला म्हणे दोन्ही पॅनलला लावू, एकाला लावलं तर दोन बाजूंना दोन रंग दिसतील. त्याचं बरोबर वाटतं ऐकायला, पण दोन्हीला लावली तर पहिली फिल्म अक्ष ९० नं वळवणार आणि दुसरी तो परत जागेवर आणणार, चमक पुन्हा सुटणार. एकच फिल्म दोन्हीकडच्या बघणाऱ्यांचं काम करते, कारण इकडच्या लाइनची चमक तिकडे जाताना आणि तिकडची इकडे येताना, दोन्ही वेळा ती वाटेत एकदाच लागते. त्याला पटेना, शेवटी दोन सेलोफेन समोरासमोर लावून दाखवले तेव्हा "हौ, परत आलं की जाळं" म्हणून गप्प बसला.

पीईटीची जुनी फिल्म दोन्हीकडून काढावीच लागली, ती ठेवून वरून हाफ वेव्ह लावली असती तर अंधाराऐवजी इंद्रधनुष्य. काढताना पोलरायझरला ओरखडा येऊ नये म्हणून कडेपासून अगदी कमी कोनात, हळूहळू ओढत. नंतर हाफ वेव्ह फिल्म पारदर्शक गोंदाच्या पूर्ण थरानं चिकटवली, कडेला फक्त टेप मारली असती तर मधे हवा राहून काचेसारखे दोन नवे पृष्ठभाग तयार झाले असते, प्रत्येकी ४ टक्क्यांचे. सगळ्यात वर अँटी रिफ्लेक्शन फिल्म, पण या वेळी टीएसी नावाच्या प्लास्टिकवरची, जी पोलराइज्ड प्रकाश वळवत नाही. दुकानदारानं विक्रेत्याला नुसतं अँटी रिफ्लेक्शन एवढंच सांगितलं तर पीईटीच हातात पडते, तेव्हा खालचं प्लास्टिक कोणतं हे विचारूनच घ्यायचं.

पृष्ठभागाची उरलेली चमक दिव्यांच्या जागेनं गेली. पट्ट्या कोपऱ्यातून काढून वरच्या आणि खालच्या चौकटीत खोल बसवल्या, तोंड साडीकडे, पुढे काळ्या पत्र्याची जाळीदार पट्टी, म्हणजे त्यांचं आरशासारखं प्रतिबिंब उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत येत नाही. पेटी शांत दिसायला लागल्यावर दिव्यांचा जोर पण उतरवता आला, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण संग्रहालयात रेशमी कापडावर ५० लक्सच्या वर उजेड ठेवत नाहीत, आणि पारदर्शक पॅनलच्या मागे साडी दिसायची म्हणजे त्याच्या कितीतरी पट उजेड लागतो, रंग उडायला वेळ लागत नाही. जोर उतरवूनही तो ५० लक्सवर आलेला नाही, येणारही नाही, म्हणून पेटीतली पैठणी आलटून पालटून ठेवायची असं काकांनी ठरवलंय. एलईडीचे ड्रायव्हर पण पेटीबाहेर काढले, आत तापून पोलरायझर आकसायला नको.

याची किंमतही आहे. आता पेटी आरपार राहिली नाही. पलीकडचा माणूस, पलीकडचं दुकान, काही दिसत नाही, साडीच्या मागे निव्वळ काळं. काकांना आधी ते खटकलं, पारदर्शकाचे पैसे दिले आणि पारदर्शकच नाही, हा त्यांचा मुद्दा. मी म्हणालो साडी तशीही मधे आडवी येते, तुम्हाला साडी विकायचीय का पलीकडचा माणूस. ते हसले, पण दोन दिवस विचार करूनच हो म्हणाले, आणि ज्याला खरंच आरपार खिडकी हवी त्याच्यासाठी हा उपाय नाही, तिथं कमी चमकणाऱ्या लाइन्सचं पॅनलच शोधावं लागतं. शिवाय फार तिरकं उभं राहिलं की अक्षांचा काटकोन नीट राहत नाही, कडेला जाळीची अंधुक झाक परत दिसते, आणि निळा लाल प्रकाश थोडा गळत असल्यामुळे काळ्यात जांभळट छटा आहे. राणी रंगाच्या पैठणीमागे ती कळत नाही, पिवळीमागे कळते.

पेटीच्या मागच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवून ठेवलाय, कोणत्या पॅनलला हाफ वेव्ह आहे, तिचा अक्ष कुठल्या दिशेला तिरका, वरची फिल्म टीएसीची. उद्या एखादं पॅनल गेलं आणि बदलून टीएन जातीचं आलं तर त्याचे पोलरायझर बहुधा ४५ अंशांत तिरके असतात, त्याचा शेजारच्या उभ्या आडव्या अक्षाशी काटकोन बसतच नाही, आणि तीच हाफ वेव्ह फिल्म तशीच्या तशी चालणार नाही. दोन्ही टीएन घेतली तर समोरासमोर उलटल्यावर त्यांचे अक्ष आपोआपच एकमेकांना काटकोनात येतात, तिथं फिल्म लागतच नाही, उलट लावली तर जाळी परत येईल. नवीन पॅनल खोक्यातून काढलं की चौकटीत बसवायच्या आधी त्याचा अक्ष गॉगलनं बघून घ्यायचा, एवढं फिटिंगवाल्याकडून त्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून घेतलंय.